कागदी तोंडाचा मासा

गेले सहा महिने या सदराचें टपाल अमेरिकेहून येत होतें, हें नियमित वाचकांना ठाऊक आहेच. तेथील रस्त्यांविषयीं, ग्रंथालयांविषयीं आणि देवळांत दर रविवारीं मिळणाऱ्या प्रसादाच्या खिचडीविषयीं लिहून झालें. परंतु ज्या विषयानें त्या सहा महिन्यांतले माझे अर्धे शनिवार घेतले, त्यासंबंधीं मीं आजवर एक अक्षरही लिहिलें नाहीं. कारण उघड आहे. हें मासिक ज्या घरांत जातें त्यांपैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत मासा कधींच आलेला नाहीं. आणि ज्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या सुखानें येतो, त्या आमच्या सारस्वत वाचकांना माझ्यासारख्या वरणभात खाणाऱ्यानें मत्स्यविद्या शिकवावी हा निव्वळ आगाऊपणा होईल. तरीही लिहितों, कारण गोष्ट माशाची असली तरी घडली ती घरांत.

माझी कन्या व जांवई टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल शहरीं राहतात. त्यांच्या शेजारीं एक विधुर गृहस्थ आहेत. वय ८१, हयात छापखान्यांत गेलेली, बोलणें मोजकें. माझ्या १२ वर्षांच्या नातवाला या गृहस्थांनीं केव्हां आपलासा केला हें घरांत कोणालाच नेमकें सांगतां येत नाहीं. आम्ही उभयतां एप्रिलच्या आरंभीं तेथें पोहोंचलों, आणि दुसऱ्याच शनिवारीं तिन्हीसांजेच्या वेळीं नातू हातांत बादली घेऊन मागच्या दारीं उभा राहिला. बादलींत नऊ मासे होते. आमच्या सौभाग्यवती त्या वेळीं देवापाशीं दिवा लावावयास निघाल्या होत्या; निरांजन हातांतच राहिलें.

"आजी, बघ, हे सगळे मीं पकडले!" त्याच्या मोडक्या मराठींतला अभिमान अगदीं निर्मळ होता.

आजीनें उत्तर दिलें नाहीं. कन्या मात्र खालच्या आवाजांत म्हणाली, "आई, आपल्या स्वयंपाकघरांत नाहीं करत. मागच्या पडवींत वेगळी शेगडी आहे, तवाही वेगळा आहे." वेगळी शेगडी आणि वेगळा तवा या दोन वस्तू काहीं एका संध्याकाळींत घरांत येत नाहींत. हा प्रकार दोन वर्षें चालू आहे, आणि पुण्याला दर रविवारीं फोन करणाऱ्या मुलीनें तो कधीं सांगितला नाहीं, हें आम्हां दोघांना एकाच क्षणीं कळलें. त्या रात्रीं सौ. जेवल्या नाहींत. "भूक नाहीं" एवढेंच म्हणाल्या. त्या जेवल्या नाहींत म्हणून नातूही जेवला नाहीं, आणि मासे शेजाऱ्यांच्या शीतकपाटांत गेले.

दुसऱ्या दिवशीं मला सांगण्यांत आलें कीं, ज्या माणसानें शाळेंत ३५ वर्षें लोकांच्या मुलांना वळण लावलें त्यानें आतां घरच्याला लावावें.

शिक्षकाच्या हातीं प्रश्न आला कीं तो प्रथम पुस्तकाकडे धांवतो. मीही जवळच्या ग्रंथालयांत गेलों. हा मासा म्हणजे क्रॅपी. तो उत्तर अमेरिकेचा भूमिपुत्र आहे; आपल्या नद्यांत त्याचें नांवगांव नाहीं. त्याच्या दोन जाती, पांढरी व काळी. पांढऱ्या जातीच्या अंगावर फिकट उभे पट्टे असतात. काळीच्या अंगावर कोणीं टांक झटकून शाई उडवावी तसे ठिपके. खात्रीच करावयाची तर पाठीवरच्या पराचे कांटे मोजावेत. पांढरीला पांच-सहा, काळीला सात-आठ. लांबी वीतभराहून थोडी अधिक, वजन अर्धा ते एक पौंड. मिसिसिपी राज्यांतील ईनिड सरोवरांत १९५७ सालीं एक पांढरा क्रॅपी ५ पौंड ३ औंसांचा निघाला, आणि टेनेसींतच २०१८ सालीं एका तळ्यांत काळा ५ पौंड ७ औंसांचा मिळाला. पण अशीं उदाहरणें म्हणजे आपल्याकडील सात फुटी माणसासारखीं. नांवाचा उच्चार कोणी क्रॅपी करतात, कोणी क्रॉपी, आणि दोन्ही पक्ष एकमेकांना अडाणी समजतात. लुइझियानांत त्याला 'साकाले' म्हणतात. फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ दुधाची पिशवी असा लागतो. परंतु तो शब्द मूळचा चॉक्टॉ या आदिवासींचा असून फ्रेंचांनीं आपल्या कानाप्रमाणें वळवून घेतला असें भाषापंडितांचें म्हणणें आहे. या माशाचें आणखी एक नांव मला फार आवडलें: कागदी तोंडाचा. त्याच्या जबड्याभोंवतालची कातडी इतकी पातळ असते कीं, गळ जोरानें ओढला तर ती टरकन्‌ फाटते आणि मासा निसटतो.

त्याच पुस्तकांत मला आणखी एक गोष्ट सांपडली, आणि ती मीं फार घाईनें वापरली. वसंतांत पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटवर आलें कीं नर कांठाजवळच्या उथळ पाण्यांत येतो, तळ साफ करून वाटीएवढी जागा करतो. मादी तेथें हजारोंनीं अंडीं घालून निघून जाते, आणि मागें अंड्यांची राखण करतो तो नर. या दिवसांत त्याचा रंग काळवंडतो. मीं नातवाला विचारलें, "त्या नऊ माशांत काळे किती होते?" तो म्हणाला, "पांच." मीं त्याला पुस्तकांतलें पान दाखविलें आणि म्हणालों, "म्हणजे पांच पाळण्यांजवळून तूं पांच बाप उचलून आणलेस."

वर्गांत असलें वाक्य चांगलें ठसतें. येथेंही ठसलें. मुलानें पान दोनदां वाचलें, पुस्तक मिटून माझ्या हातांत दिलें, आणि पुढचे चार दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं. मला जें हवें होतें तेंच झालें होतें, आणि तरीही त्या चार दिवसांत मला आपण फार मोठें कांहीं मिळविलें असें वाटेना.

अखेर शेजारचे गृहस्थच कुंपणापाशीं आले. ते म्हणाले, "मुलाला तुम्हीं सांगितलेंत तें खरें आहे. पण अर्धें आहे. त्या तळ्यांत कोणत्या वर्षीं पिल्लें जगतील आणि कोणत्या वर्षीं जगणार नाहींत, हें मुख्यतः पाणी आणि हवा ठरवितात. एक वर्ष उदंड, एक वर्ष कांहींच नाहीं. माणसानें किती घ्यावें याला कायदा आहे. तुम्ही एकदां या आणि पाहा." मला हें आमंत्रण पाहिजेच होतें. माझ्या मनांत एक तोडगा तयार होता: पकडायचाच तर पकड, पण जिवंत सोडून दे. असें केलें म्हणजे मुलाचा खेळ राहील, आजीचा उंबरठा राहील आणि माशाचा जीवही राहील. असला त्रिवेणी तोडगा काढल्याबद्दल मी स्वतःवर बराच खूश होतों.

जायचें मात्र शनिवारींच, कारण रविवारीं ते गृहस्थ चर्चला जातात. "मारुतीच्या वारीं!" असें सौ. म्हणाल्या, पण पहांटे साडेतीनला उठून दशम्या आणि लसणाची चटणी त्यांनींच बांधून दिली.

नॅशव्हिलच्या पश्चिमेस मोटारीनें दोन तासांवर केंटकी नांवाचें सरोवर आहे. वाटेंत पॅरिस लागतें. टेनेसींतलें पॅरिस, तेथें एक लहानसा आयफेल मनोराही उभा केलेला आहे, आणि त्याकडे पाहून कोणी हंसत नाहीं. सरोवर म्हणजे वस्तुतः टेनेसी नदीच, धरणानें अडवून पसरलेली: लांबी १८४ मैल, क्षेत्र १,६०,००० एकरांहून अधिक. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत १९३३ सालीं टेनेसी खोरें प्राधिकरण स्थापन झालें आणि त्यानें या दरिद्री, पूरग्रस्त, हिंवतापानें पिडलेल्या खोऱ्यांत धरणांची माळ उभारली. केंटकी धरण त्यांतलें शेवटच्या टोंकाचें, १९३८ ते १९४४ या काळांत बांधलेलें. मराठी माणसानें या खोऱ्याकडे थोड्या आपुलकीनें पाहण्यास कारण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरखात्याचे सभासद असतांना दामोदर नदीच्या योजनेची उभारणी त्यांच्या देखरेखीखालीं सुरू झाली. तिचा नमुना हेंच टेनेसी खोरें होतें, आराखडा करावयास तेथलाच एक अभियंता आणला होता, आणि १९४८ सालीं दामोदर खोरें महामंडळ अस्तित्वांत आलें.

धरण म्हटलें कीं बुडालेलें गांव आलेंच. या सरोवराखालीं बर्मिंगहॅम नांवाचें एक गांव गेलें. उजनीचें पाणी ओसरल्यावर पळसदेवचें देऊळ डोकें वर काढतें तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना पाण्याकडे पाहतांना कसें वाटतें हें निराळें सांगावयास नको.

आतां माझ्या विषयाचें मूळ. पाणी भरण्यापूर्वीं या खोऱ्यांतलीं झाडें तोडून सगळा तळ मोकळा करण्यांत आला होता. एक कारण आगबोटींची वाट. दुसरें मोठें कारण डांस. पाण्यांत अर्धवट बुडालेलें झाडझाडोरें म्हणजे हिंवतापाच्या डांसांचें माहेरघर. म्हणून झाडें काढलीं, आणि उन्हाळ्यांत पाण्याची पातळी मुद्दाम थोडी वरखालीं करून डांसांच्या अळ्या कांठावर कोरड्या पाडल्या. हिंवताप गेला. पण तळ उघडाबोडका राहिला, आणि जीं थोडीं खोडें शिल्लक होतीं तीं पुढच्या ऐंशी वर्षांत कुजून गेलीं. क्रॅपीला आडोसा लागतो. तेव्हां ज्या झाडांना बापांनीं खर्च करून बाहेर काढलें, तीं मुलें स्वतःच्या खर्चानें परत पाण्यांत बुडवूं लागलीं!

यालाच तिकडे झुडपांचा ढीग म्हणतात. ओकच्या फांद्या, देवदाराच्या जातीचीं लहान झाडें, नाताळ संपल्यावर रस्त्यावर टाकलेले ते शोभेचे वृक्ष, जें हातीं येईल तें तारेनें बांधून, सिमेंटच्या ठोकळ्याचें वजन लावून पंधरा-वीस फूट पाण्यांत सोडतात. हिंवाळ्यांत सरोवराची पातळी पांच फूट उतरवितात. त्या वेळीं उघड्या पडलेल्या उथळ जमिनींत कोणी लांकडी मेखांचे ताफे ठोकून ठेवतात. कांहीं आठवड्यांत लांकडावर शेवाळाचा पातळ थर धरतो, त्यांत किड्यांच्या अळ्या येतात, त्या खाण्यास बोटाएवढ्या मासोळ्या येतात, आणि मासोळ्यांच्या मागोमाग क्रॅपी येऊन फांद्यांच्या सावलींत स्तब्ध उभा राहतो. पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन देशांत, बंगालच्या नद्यांत, आसामच्या बिलांतही लोक अशाच फांद्या पुरून मासे जमवितात. माणसाला ही युक्ति अनेक ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचलेली दिसते.

आमच्या यजमानांचे असे अकरा ढीग होते. त्यांपैकीं एकाही ठिकाणीं पाण्यावर खूण नव्हती. खूण ठेवली कीं दुसरा येतो. पूर्वीं ते कांठावरचें वठलेलें झाड आणि समोरच्या टेंकडीची खिंड यांची रेघ जुळवून जागा शोधीत. आतां होडींतलें यंत्र आंकडे दाखवितें. तरी ते रेघ जुळवून पाहतातच. पहिला ढीग त्यांनीं पत्नीसह टाकला होता. याविषयीं ते एवढेंच बोलले.

जुलैचा महिना, सूर्य अजून वर आलेला नाहीं, पाणी आरशासारखें. होडीच्या नाकाशीं बसविलेली विजेची छोटी मोटर कुरकुर न करतां होडीला जागेवर धरून होती. नातवाच्या हातांत बारा फुटी हलकी काठी. दुसऱ्या होड्यांच्या नाकावर आठ-आठ काठ्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या मीं पाहिल्या. आमचे यजमान मात्र माणशीं एकच काठी मानणारे. तंगुसाची बारीक दोरी, टोंकाशीं शिशाचा वाटाण्याएवढा गोळा, त्यांत बसविलेला पातळ तारेचा आंकडा, आणि त्यावर टर्कीचीं मऊ पिसें बांधलेलीं. सगळें मिळून पावणेदोन ग्रॅम. आंकड्याची तार मुद्दाम मऊ ठेवतात. फांदींत अडकला तर ओढल्यावर तो सरळ होऊन सुटतो, मग पकडीनें वांकवून पुन्हां वापरायचा. फेंकाफेंक नाहीं, गरगर फिरविणें नाहीं. काठी पुढें धरायची आणि दोरी ओळंब्यासारखी सरळ खालीं सोडायची.

"किती खोल?" हाच सगळा प्रश्न. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला पाहणारे. तो खालीं वांकून सहसा खात नाहीं, वर येऊन खातो. आमिष त्याच्या खालीं गेलें तर तें त्याच्या लेखीं नाहींच. म्हणून ढीग अठरा फुटांवर असेल तर माथ्याच्या वर फूटभर थांबायचें, आणि हात शक्य तितका स्थिर ठेवायचा. नवशिक्यांना वाटतें कीं हलविलें पाहिजे. पाण्याची आणि माणसाच्या नाडीची हालचाल पिसांना पुरेशी असते.

आणि मासा लागला हें कळतें कसें? मला वाटलें, काठीला हिसका बसेल. घडतें उलट. मासा आमिष तोंडांत घेऊन वर येतो, त्यामुळें ताणलेली दोरी एकाएकीं सैल पडते. वजन नाहींसें होतें. त्या क्षणीं हिसका न देतां, वहीचें पान उलटावें इतक्या हलक्या हातानें काठी वर उचलायची. तोंड कागदाचें आहे.

माझ्या नातवाला शाळेंत एका जागीं बसतां येत नाहीं अशी दर सहामाहीला तक्रार येते. तो मुलगा त्या होडींत पंचेचाळीस मिनिटें दोरीकडे पाहत बसला. मीं ३५ वर्षांत ज्या गोष्टीसाठीं छड्याही वापरल्या ती गोष्ट समोर घडत होती, आणि शिक्षक मी नव्हतों.

पहिला मासा त्यानें काढला, माझ्याकडे पाहिलें आणि सोडला. दुसराही सोडला. मी मान डोलावली. तिसराही सोडला, पण तो खालीं गेला नाहीं. आडवा होऊन दोन-तीनदां तोंड उघडलें, मिटलें, आणि पांढरें पोट वर करून होडीपासून हळूहळू दूर जाऊं लागला. थोड्या वेळानें मासे मारणारी एक घार आली आणि त्याला घेऊन गेली.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग ते गृहस्थ म्हणाले, "वरचें पाणी या दिवसांत फार ऊन असतें. गार जागेंतून वर काढून सोडलेले सगळे जगत नाहींत. हिंवाळ्यांत तीस फुटांखालून काढला तर पोटांतली हवेची पिशवी फुगते, मग त्याला इच्छा असली तरी खालीं जातां येत नाहीं. दहा इंचांहून लहान असेल तर कायद्यानें सोडलाच पाहिजे. तो मी सोडतों, शक्य तितक्या लवकर, हात ओले करून. बाकीचे सोडले तर पुण्य आपल्याकडे येतें आणि मरण त्याच्याकडे राहतें. मी जेवढे खाणार तेवढे घेतों आणि काठी उचलतों."

माझा त्रिवेणी तोडगा तेथें पाण्यांतच बुडाला. मासा न पकडणें हा एक मार्ग होता, आणि तो मला आजही मान्य आहे. माझ्या पानांत मासा येणार नाहीं. पण पकडून सोडण्यांत जी सात्त्विकता मीं मानली होती ती मुख्यतः माझ्या सोयीची होती. तें नातवाला सांगणें मला भाग होतें, आणि परततांना मोटारींत मीं सांगितलें. एप्रिलांतल्या त्या वाक्याबद्दलही सांगितलें. त्यानें खिडकीबाहेर पाहत "ओके, आजोबा" म्हटलें, आणि उरलेली दशमी कोणाच्या वांट्याची आहे असें विचारलें.

घरीं खरा पेंच सुटला तो निराळ्याच बाजूनें. सौ. नीं मुलीला स्पष्ट सांगितलें, "तुम्हीं काय खावें तें तुमचें तुम्ही ठरवा, तुमचा संसार आहे. पण दोन वर्षें तूं माझ्याशीं फोनवर बोलत होतीस आणि मला कांहीं ठाऊक नव्हतें. मला तें लागलें." मुलगी रडली, तीही रडल्या. नंतर तहाचीं कलमें ठरलीं. पडवींतली शेगडी पडवींतच. शनिवारीं, एकादशीला आणि श्रावणांत नाहीं. खाणारीं तोंडें चार, शेजारचे आजोबा धरून. माणशीं दोन मासे, म्हणजे आठ झाले कीं काठी उचलायची. रविवारीं दुपारीं पडवींत तळणाचा वास सुटे तेव्हां सौ. पुढच्या दारीं बसून उदबत्ती लावीत. त्या उदबत्तीला फार कांहीं जमत नसे.

त्या उन्हाळ्यांत मी आणखी सात वेळां गेलों. एकदां नातवाच्या दोरीचा गुंता झाला म्हणून यजमानांनीं त्यांची काठी क्षणभर माझ्या हातांत दिली. त्या क्षणींच दोरी सैल झाली. माझ्याजवळ परवाना नव्हता. तेराहून कमी वयाच्या मुलाला तो लागत नाहीं, पण परक्या देशांतल्या माझ्यासारख्याला लागतो. परवान्याची आठवण मला प्रथम झाली कीं आपल्या कुळधर्माची, हें मी प्रामाणिकपणें सांगूं शकत नाहीं. मीं घाईनें काठी मुलाच्या हातांत कोंबली. तेवढ्यांत वजन परत आलें, आणि मासा नव्हता. त्याच्या सुटकेनें मला हायसें वाटलें. आणि हात मात्र घरीं पोहोंचेपर्यंत ती सैल पडलेली दोरी आठवत राहिला.

सप्टेंबरांत एका सकाळीं आमच्या सर्वांत जुन्या ढिगावर दुसरी होडी उभी होती. त्या होडींत नवें ध्वनियंत्र होतें. २०१८ पासून बाजारांत आलेल्या या यंत्राच्या पडद्यावर समोरच्या पाण्यांतला प्रत्येक मासा हालतांना दिसतो. आमिष त्याच्या नाकासमोर नेऊन ठेवायचें एवढेंच उरतें. गंमत अशी कीं, या यंत्रानेंच पुष्कळांच्या आठ काठ्या सोडवून त्यांच्या हातीं पुन्हां एकच काठी दिली आहे. तें न्याय्य कीं अन्याय्य यावर तिकडे मोठा वाद आहे. नातवाला अर्थातच तें यंत्र हवें होतें. यजमान त्या होडीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पाणी सर्वांचें आहे." परंतु पत्नीसह टाकलेला तो ढीग कोणता, हें मला त्या दिवशीं कळलें.

ऑक्टोबरांत परतण्यापूर्वीं नवा ढीग टाकावयाचें ठरलें. तिकडे हल्लीं बादलींत काँक्रीट ओतून त्यांत बांबू उभे करतात. बांबू टिकतो आणि त्यांत आंकडा कमी अडकतो. यजमानांच्या परसांत बांबूचें बेट होतें. या कामांत मी प्रथमच कोणाच्या उपयोगीं पडलों. कोंवळा बांबू कोणता, जून कोणता, हें कोंकणांत वाढलेल्या माणसाला पुस्तकांत पाहावें लागत नाहीं. मीं सतरा बांबू निवडले, नातवानें तोडले, आणि पोकळ पेरांत हवा राहून ते तरंगूं नयेत म्हणून प्रत्येक पेराला भोंक पाडण्याची सूचना माझी. यजमानांचा हात आतां कांपतो; काँक्रीट मुलानेंच कालविलें. जागा त्यांनीं त्यालाच निवडावयास सांगितली. त्यानें कांठावरचें एक झाड, समोरचा एक पाण्याचा मनोरा धरला, यंत्रांतले आंकडे वहींत लिहिले, आणि आम्हीं तिघांनीं मिळून सहा बादल्या एकामागून एक कडेवरून लोटल्या. भोंकांतून बराच वेळ बुडबुडे येत राहिले.

आपण काय करीत आहोंत हें मला ठाऊक होतें. तें घरही होतें आणि सांपळाही होता.

रात्रीं सौ. नीं विचारलें, "आज काय पकडलेंत?" "कांहीं नाहीं. बांबू पुरून आलों." त्यांनीं माझ्या हातांवरच्या कुसळांवर खोबरेल लावलें, आणि पुढें कांहीं विचारलें नाहीं.

परवां पुण्याला नातवाचा फोन आला होता. पाणी उतरलें आहे, आजोबांना सर्दी झाली आहे म्हणून जांवई त्याला घेऊन गेले होते. बांबूंवर शेवाळ धरलें आहे आणि आसपास बोटाएवढ्या मासोळ्या फिरतांना यंत्रांत दिसल्या. क्रॅपी अजून एकही नाहीं. फोन ठेवल्यावर आंतून आवाज आला, "काय म्हणतो? आले का?"